भागरथाकाकूचा बोरा

“सरक वो जरा. पाय आखडले माहे.”

अगदी कानाशी कुरकुर आली. मी सरकले.

सरकल्यावर लक्षात आलं... त्या बाजूला कोणीच नव्हतं.

मी शपथ घेत नाही. शपथा घेणारे जास्त खोटं बोलतात, असा माझा अनुभव आहे. पण हे घडलंय. साल एकोणीसशे छप्पन, शंकरपटाचा दुसरा दिवस, दिवेलागणीची वेळ. गाव वडशापासून तीन कोसांवर. नाव लिहीत नाही. तिथे अजून आमचे सोयरे आहेत.

गावाला एकच मैदान. सकाळी त्यावर शंकरपट, दुपारी कुस्त्या, रात्री नाटक. बैलजोड्या धावतात त्या पट्टीला आमच्याकडे दान म्हणतात. दानीच्या टोकाला जमीन खणायची, त्या मातीचा मंच घालायचा आणि खड्ड्यात बसून नाटक बघायचं. बायका दुपारपासूनच बोरे, म्हणजे गोणपाटं, अंथरून जागा धरत. दुसऱ्याच्या बोऱ्याला हात लावायचा नाही, हा कायदा. सरकारचे कायदे मोडतील, हा नाही.

त्या संध्याकाळी पट संपला होता. माणसं पाहुण्यांना घेऊन जेवायला गेली. जागा राखायला आम्ही उरलो. आई, शेजारची म्हातारी गुणाबाई, मी बारा वर्षांची, आणि काकूची पाच वर्षांची रुखमा.

आणि काकूचा बोरा.

तो रुखमानं स्वतः अंथरला होता. आईनं पाहिलं. उचलला नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही.

मागच्या पटाला भागरथाकाकू दान ओलांडत होती. एक जोडी सुटली. जू छातीला लागलं. ती उठली, पदर झटकला, “काई नाई झालं” म्हणाली आणि इथे येऊन बोऱ्यावर आडवी झाली.

दिवे लागले तेव्हा गुणाबाईनं तिच्या नाकाशी हात धरला.

मग काढून घेतला.

घरोघरी पाहुणे. नाटकवाले तोंड रंगवून बसलेले. मयत म्हटलं की चुली विझणार, पडदा उघडणार नाही. चार मोठी माणसं कुजबुजली आणि ठरलं, सकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, झोपली आहे.

आईनं तिच्यावर लुगडं पांघरलं आणि रात्रभर शेजारी बसून राहिली. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. रुखमा आईच्या कुशीत निजली. तिच्या आईच्या.

सकाळी काकूला बैलबंडीत घालून नेलं. रुखमाला सांगितलं, “माय माहेरी गेली. पटाले येते.”

आमच्याकडे पटाला प्रत्येक लेक परत येते. पोरीनं खरं मानलं. तिच्यासमोर बोलायचं नाही म्हणता म्हणता घरात कोणीच मरणाचा शब्द उच्चारेना.

वर्षभर.

तर, मी सरकले.

“आता बस,” रुखमा हळूच म्हणाली. मला नव्हे.

पडद्यामागे पेटीवाला सूर लावून पाहत होता. तो मध्येच थांबला.

मग घुंगरमाळा वाजल्या...

सगळे बैल केव्हाच तळ्यावर गेले होते. आवाज दानीवरून येत होता. सावकाश. बंडीचे बैल चालतात तसा. आमच्या मागे येऊन तो थांबला.

धूळ उडाली नाही.

मी रुखमाकडे पाहिलं. ती कुशीवर निजली होती. गाल कशावर तरी टेकलेला.

गाल आणि बोरा यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

रिकामी.

“माय,” मी म्हटलं. पुन्हा म्हटलं.

आईनं पाहिलं आणि रुखमाला ओढलं. ती हलेना. चिपाडासारखी पोर, पण भरल्या पोत्यासारखी जड. हात गार. ओठ जांभळे.

“झोपली हाये वो,” गुणाबाई पुटपुटली. “झोपू दे.”

वर्षभराची सवय. बोलून गेली आणि तिनंच तोंडावर पदर धरला.

“रुखमा, ऊठ,” आई म्हणाली. “ऊठ माये. घरी भात मांडला हाये.”

रुखमाचे डोळे मिटलेलेच. “माय म्हणते, चाल. बंडी उभी हाये म्हणते.”

“कुठी चाल म्हणते?”

“तिले नाई माहीत. ती म्हणते, मले कोणी काई सांगतच नाई.”

पोरीचा श्वास लांबत चालला. एक... मग खूप वेळानं दुसरा. मी मोजायचं सोडून दिलं.

एवढी वर्षं झाली. रुखमाकडे मी कधी विषय काढला नाही, तिनंही नाही. नाटकाला गेले आणि शेजारी मोकळा बोरा दिसला, तर मी उभ्यानं नाटक बघते. पाय दुखतात. दुखू देत.

त्या संध्याकाळी आईनं पोरीचा हात सोडला. मला वाटलं, हरली. पण ती गुडघ्यांवर वळली आणि त्या रिकाम्या जागेसमोर बसली. भांडायला नव्हे. जावा समोरासमोर डाळ निवडायला बसतात तशी.

“भागरथा,” ती म्हणाली. “इकडं पाह्य बाई.”

मागे घुंगरू एकदाच वाजलं.

“त्या राती मी तुह्याजवळच होती. सारे इचारत होते. मी म्हणत होती, झोपली हाये. सारे इचारून गेले, तुलेच कोणी सांगतलं नाई.”

रुखमाचं डोकं खाली येऊ लागलं. हळूहळू. निजलेलं लेकरू मांडीवरून उतरवावं, तसं.

गाल बोऱ्याला टेकला. तिनं डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं.

आई तिच्याकडे पाहत नव्हती.

“तू मेली, भागरथा,” आई म्हणाली. “मागच्याच पटाले मेली.”