कोऱ्या चहाचा कडूपणा

अमडापूरच्या वंदनाताईंची जीभ चुकत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि वंदनाताईंना जरा जास्तच. लग्नाच्या पंगतीत वरण आधी त्यांच्याकडे चाखायला यायचं. तेव्हा त्यांनी स्वतःचा कोरा चहा विकायला काढला, यात नवल नव्हतं. कडक आसामी पत्ती, सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, वेलची आणि चिमूटभर देशी गुलाब. उकळत्या पाण्यात आधी साल दरवळायची, मागून गुलाब यायचा, आणि घोट गिळल्यावर वेलची जिभेवर रेंगाळायची. बिनदुधाचा चहा आपल्याकडे मयताच्या घरी पितात, असं त्यांच्या नवऱ्यानं, भागवतरावांनी, सांगून पाहिलं. चव असली की लोक सगळं विसरतात, असं म्हणून त्या हसल्या.

झालंही तसंच. चिखलीतून व्हॉट्सअ‍ॅपवर मागण्या येऊ लागल्या. नवं मिश्रण तयार झालं की पहिला चहा शेजारच्या शेषरावांकडे जायचा.

एका सकाळी शेषरावांनी आणि त्यांच्या बायकोनं तोंड वाकडं केलं. यात कडुनिंब टाकला का, असं विचारलं. शेषरावांचे वडील रंगराव मात्र बशीत ओतून दोन कप प्यायले, वर असा फक्कड चहा जन्मात प्यायलो नाही म्हणाले. वंदनाताईंनी तिथंच घोट घेतला. एकदम चोख. लेकाची जीभ बिघडली, बापाची शाबूत आहे, असं चिडवून त्या घरी आल्या.

त्याच आठवड्यात रंगराव गेले. चांगला धडधाकट माणूस. स्मशानातून परतलेली मंडळी रिवाजाप्रमाणे कडुनिंबाचा पाला चावून घरात शिरत होती. शेषराव चावता चावता थांबले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुमच्या चायले हाच कडूपणा होता."

वंदनाताईंना रागच आला. दुःखात माणूस काहीही बोलतो. तरी घरी येऊन त्यांनी सगळं मिश्रण फेकलं आणि नवं केलं. पुढच्या खेपेला समोरच्या काजलला चहा कडू लागला, तिच्या नवऱ्यालाही. सासू शालूबाई मात्र मागून मागून प्यायली. चार दिवसांत तिलाही तिरडीवरून न्यावं लागलं. कडू लागायचं ते मागं राहणाऱ्या घरच्यांनाच; जाणाऱ्याला आणि परक्यांना चव चोखच लागायची.

धंदा काही त्यांनी बंद केला नाही. आपल्या हातात खोट नाही, याची त्यांना खात्री होती. पण पहिला चहा आता घरातच व्हायचा. घोट घेताना भागवतरावांच्या आणि लेकीच्या, अर्पिताच्या, तोंडाकडे त्या बघत राहायच्या. दोघंही मस्त म्हणायची आणि मगच त्यांच्या जिवात जीव यायचा. यातलं एकही माणूस गेलं तर आपण जगणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

काल दुपारी अर्पितानं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, कडू काऊन लागून राह्यला हा?"

वंदनाताईंनी झटकन नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना गोड लागू नये, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

भागवतरावांनीही तोंड वाकडं केलं. वंदनाताईंना हायसं वाटलं. दोघंही वाचली.

"तुले बी कडूच लागते ना?" भागवतरावांनी विचारलं.

वंदनाताईंनी कप ओठाला लावला.

इतका सुरेख चहा त्यांच्या हातून आजवर झाला नव्हता.

"हाव," त्या म्हणाल्या. "कडूच हाये."

आणि कप खाली ठेवला, तेव्हा तो रिकामा होता.