दारावरच्या ओल्या चादरी

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास युलाबिन गावच्या कलादालनामागे एक पांढरा ट्रक उभा राहिला आणि त्यातून उतरलेल्या माणसाने ब्रॉनविन हॅलोरनच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं.

"आज नाही," तो म्हणाला. "उद्या."

"उद्या कसं? शनिवारी उद्घाटन आहे."

"चित्रांच्या पेट्या मेलबर्नच्या हवेतून आल्यात. इथल्या हवेची सवय होईपर्यंत एक दिवस-रात्र उघडायच्या नाहीत. नियमच आहे तसा."

"आणि तोवर आपण काय करायचं?"

"वाट बघायची." त्याने हात पुढे केला. "मी थानासी. पेट्यांबरोबर आलोय."

"मी ब्रॉन. ते ड्रिल माझं आहे."

त्याने ड्रिल परत दिलं... पण आधी त्याची बॅटरी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

ब्रॉनच्या घाईला कारण होतं. युलाबिनचं कलादालन म्हणजे लोकरीचं जुनं गोदाम. पगारावर ती एकटी, आणि दारातल्या टेबलाशी डॉट प्रिंगल, वय शहात्तर, बिनपगारी. याआधीचं मोठं प्रदर्शन गोधड्यांचं होतं आणि त्याच्या आधीचं शाळेतल्या मुलांनी केलेल्या मातीच्या मेंढ्यांचं. मेलबर्नच्या मोठ्या संग्रहातली आधुनिक चित्रं गावोगाव फिरतात, ती आपल्याकडेही यावीत म्हणून ब्रॉन तीन वर्षं खटपट करत होती. गावाने शनिवारच्या बाजारात सॉसेजं भाजून विकली आणि त्यातून दालनात दमटपणा आटोक्यात ठेवणारं हवेचं यंत्र बसवलं. तेव्हा कुठे होकार आला, तोही अटीवर. चित्रं आली तशी सुखरूप परत गेली, तर दालनाचं नाव पुढच्या प्रदर्शनांच्या यादीत कायमचं. एका जरी चित्राला काही झालं, तर पुन्हा विचारूसुद्धा नका.

"पेट्या झोपल्यात," डॉट आतून म्हणाली. "मग हा पोरगा तिथे उभा राहून अंगाई म्हणणार आहे का? ने की त्याला नदीकडे."

"डॉट, नदीला पाणी नाहीये."

"मी पाण्याबद्दल कुठे बोलले?"

कोरड्या नदीच्या पात्रात निलगिरीची पांढरी खोडं उभी होती आणि त्यांच्यावर गुलाबी काकाकुवांचं भांडण चाललं होतं. दोघं एका पडलेल्या खोडावर बसून बेकरीतली खिमा भरलेली गरम पेस्ट्री खात होते. थानासीची आई मेलबर्नच्या एका उपनगरात मासे तळायचं दुकान चालवायची. गेली अकरा वर्षं तो पेट्यांबरोबर फिरत होता, वर्षातले नऊ महिने.

"मग सगळा देश बघून झाला असेल तुमचा."

"सगळ्या देशाची मागची दारं बघून झाली." त्याने हनुवटीवर सांडलेला रस्सा मनगटाने पुसला. "मी चित्रं लावतो, उद्घाटनाला टाय बांधतो आणि निघतो. नंतर लोक चित्रांसमोर काय करतात, ते मला ठाऊकच नाही."

"काही खास नाही करत. चष्मा पुसतात. स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात."

तो हसला. हसताना तो आधी खाली बघायचा आणि मग समोर. हे आपल्या लक्षात आलंय, हेही ब्रॉनच्या लक्षात आलं, आणि ती उगाचच काकाकुवांकडे बघत बसली.

शुक्रवारी पेट्या उघडल्या. दिवसभर दोघं पांढरे हातमोजे घालून चित्रं भिंतीवर चढवत होते. "थोडं वर." "आणखी?" "बास... नाही, केसभर खाली." दुपारपर्यंत दोघांमधलं अहोजाहो गळून पडलं होतं. शेवटी राहिला एक मोठा कागद, साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका बाईने शाईने रंगवलेला. काळ्या दोन लांब रेघा आणि त्यांच्या खाली गंजासारखा पिवळट डाग.

"कुंपण आहे," ब्रॉन म्हणाली. "दुष्काळातलं. तारा सैल पडलेलं."

"दोन माणसं आहेत. जवळ येता येता थांबलेली."

"हे तू प्रत्येक गावात सांगतोस ना?"

"प्रत्येक गावात कोणी विचारत नाही."

"मीही विचारलं नव्हतं."

"हो," तो म्हणाला, "तेही खरंच."

शनिवारी सगळं युलाबिन इस्त्रीचे शर्ट घालून आलं. मेंढ्या पाळणारा मर्व हातात केकची बशी घेऊन त्या कागदासमोर थांबला. "माझ्या कुत्र्याने शेपटीने काढलं असतं हे."

"तुझ्या कुत्र्याला मेंढ्या वळवता येत नाहीत, मर्व," डॉट म्हणाली.

लोक हसले आणि पुढे सरकले. मर्व मात्र सरकला नाही. बशीतला केक तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्याने डाव्या रेघेकडे बोट दाखवलं आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हटलं, "ही आधी थकलीय."

खांबाआड उभ्या थानासीने ते ऐकलं. त्याने ब्रॉनला शोधलं, तर ती आधीच त्याच्याकडे बघत होती.

त्याचं विमान सोमवारी दुपारचं होतं.

रविवारी तीन वाजता पश्चिमेचं आभाळ विटकरी झालं. डॉटने दालनातल्या लोकांना घरी पिटाळलं आणि स्वतः मर्वच्या गाडीत बसली. धुळीची भिंत गावावर येऊन आदळली तेव्हा आत ब्रॉन आणि थानासी दोघंच होते. पाचव्या मिनिटाला वीज गेली. हवेचं यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. लोकरीचे गठ्ठे आत यावेत म्हणून केलेली ती जुनी, उंच दारं, त्यांच्या फटींतून लाल धूळ पिठासारखी आत झिरपू लागली.

अशा वेळी काय करायचं हे युलाबिनमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. ब्रॉनच्या आईने तेच केलं असतं आणि आजीनेही. कालच्या उद्घाटनाच्या टेबलांवरच्या चादरी ब्रॉनने ओढून काढल्या, नळाखाली भिजवल्या आणि शिडी दाराशी टेकवली.

"टोक धर."

त्याने धरलं. एका दाराला दोन, दुसऱ्याला दोन, उंबऱ्याशी पिळलेले टॉवेल. पाणी त्याच्या कोपरावरून ओघळत होतं. शिडीवर तिच्या केसांत लाल धूळ बसली होती आणि ती दातांत चाप धरून बोलत होती, "आणखी वर... तुझ्याकडून ढिली आहे... हं." शेवटच्या चादरीची घडी सरळ करताना ओल्या कापडाआडून तिची बोटं त्याच्या बोटांवर आली. दोघांपैकी कोणीच हात काढून घेतला नाही.

बाहेर वारा पत्र्यावर खडे मारत होता. आत ओल्या मातीचा वास भरला होता. भिंतीला टेकून, टॉर्च मध्ये ठेवून दोघं बराच वेळ बसून राहिले. सातच्या सुमारास वीज आली. चादरी लावल्यावर आणखी धूळ आत आली नव्हती.

सोमवारी सकाळी कागदाला लाट आलेली होती.

फार मोठी नव्हती. उजव्या रेघेच्या मध्यावर कागद काचेआड किंचित फुगला होता, श्वास रोखून धरल्यासारखा. थानासीने दमटपणा मोजणारा काटा बघितला, पुन्हा कागद बघितला.

"चादरी," ब्रॉन म्हणाली.

"हो."

"धूळ बाहेर ठेवली... आणि पाणी मीच आत आणलं." ती खाली बसली. "बसेल का कागद पुन्हा?"

"कदाचित. शाई तडकली नसली तर."

ती उठली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "तू विमानतळावर जा. मेलबर्नला मी फोन करते. काल तू पबमध्ये होतास असं सांगते. इथे मी एकटी होते."

"मी इथे होतो, ब्रॉन."

"तुझी नोकरी जाईल."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ओल्या कापडाने काय होतं ते." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "दुसऱ्या चादरीला लक्षात आलं. वीज गेलीय, यंत्र बंद आहे, खोली बंद आहे... मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू शिडीवर होतीस. म्हणालीस, टोक धर." तो थांबला. "अकरा वर्षांत मी पहिल्यांदा चित्रांकडे पाठ करून उभा होतो. आणि मला वळावंसं वाटेना. तेवढंच कारण आहे, दुसरं नाही."

कुठल्याही मुलीला ऐकायला आवडावं असं ते वाक्य होतं. ब्रॉनलाही ते आवडलं. पण त्याच्या मागोमाग राग आला, लख्ख आणि थंड.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "या भिंतीवर ते चित्र यावं म्हणून तीन वर्षं घालवली मी. एक शब्द पुरला असता, थानासी. 'थांब' एवढाच. आणि तू माझ्याकडे बघत उभा राहिलास, त्याचं मी काय करू? खूश होऊ?"

"नाही."

"मी आवडले होते तर कॉफी पाजायचीस. माझं दालन कशाला पणाला लावलंस?"

त्याने फोन काढला, टेबलावर ठेवला आणि दोघांना ऐकू येईल असा लावला.

मेलबर्नला वेराने उचलला, ती त्याची वरिष्ठ. तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा, पण प्रश्न नेमके. थानासीने वाक्यं लहान ठेवली. वादळ आलं. वीज गेली. ओल्या चादरी लावल्या. त्याने धोका ओळखला होता आणि थांबवलं नाही. चित्रांची जबाबदारी त्याची होती. दालनाची नव्हती.

ब्रॉनला तेव्हा उमगलं, तो काय करतोय ते. चूक सोबत आलेल्या माणसाची ठरली, तर दालन सुटत होतं. नाव यादीत राहत होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणाल्यासारखी.

ती गप्प बसली. तीन वर्षांचा विचार करण्याइतका वेळ बसली. मग पुढे वाकली.

"वेरा, मी ब्रॉनविन हॅलोरन. चादरी लावायचं माझ्या डोक्यातून आलं. कागदाच्या चित्रांजवळ पाणी आणायचं नाही, हे तुमच्या करारात लिहिलंय आणि त्यावर माझी सही आहे. यांनी फक्त टोक धरलं."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तुमच्यापैकी कोणी एक खोटं बोललं असतं," वेरा म्हणाली, "तर माझं काम सोपं झालं असतं."

मग तिने सूचना दिल्या. चित्र भिंतीवरून काढायचं, आतल्या खोलीत आडवं ठेवायचं. कागदाच्या तज्ज्ञ बाई गुरुवारच्या विमानाने येतील. थानासीने तोवर हलायचं नाही. त्यानंतर दालनाचं आणि त्याचं काय करायचं, ते कागद बघून ठरेल.

फोन बंद झाला. "कशाला बोललीस?" थानासीने विचारलं. "सुटली होतीस तू."

"तुझ्या नोकरीवर मला दालन नको होतं." ती उठली. "आणि मी अजून रागावलेली आहे, हे लक्षात ठेव."

भिंतीवर रिकामी जागा राहिली. मंगळवारी डॉटने तिथे स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, 'चित्र आत आहे. विचारू नये.' त्यामुळे येणारा प्रत्येकजण विचारत होता. मर्व मेंढ्या सोडून गावात आला, पाटी वाचली, टोपी काढून रिकाम्या भिंतीसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. थानासी बाकावर बसून हे सगळं बघत होता. त्याला दुसरं काम नव्हतं. शेवटी त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि एका म्हातारीला तिचा चष्मा पुसून दिला.

चार वाजता ब्रॉनने त्याच्या शेजारी चहाचा कप ठेवला.

"हा मला?"

"डॉटने केला होता. जास्तीचा झाला."

"मी दोनच केले होते," डॉट टेबलावरून म्हणाली. "एक माझा, एक तुझा."

ब्रॉनने तिकडे बघायचं टाळलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"राग किती दिवस चालेल?" त्याने विचारलं.

"गुरुवारपर्यंत पुरेल."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी तू नसशील." तिने हे सहज म्हणायचं ठरवलं होतं, पण तसं झालं नाही. "तू चित्रं लावतोस आणि निघतोस. तूच म्हणालास."

तो काही तरी बोलणार होता... पण दारातून शाळेचा एक वर्ग आत शिरला आणि सगळ्यांनी एकदम विचारलं, चित्र कुठे आहे.

बुधवारी सकाळी दालन उघडलं. आतल्या खोलीत कागद टेबलावर आडवा होता. लाट थोडी बसलीय असं ब्रॉनला वाटलं. थानासी म्हणाला, खात्री नाही, आणि दिलासा द्यायला तो खोटं बोलला नाही, हे तिला आवडलं. त्याला तसं सांगितलं नाही. दिवसभर दोघांनी बाकीच्या चित्रांमागची धूळ मऊ कुंचल्याने काढली. एकदा तिच्या कपाळावरचा डाग पुसायला त्याने हात उचलला आणि अर्ध्यावर थांबवला. ती म्हणाली, "पूस की." त्याने पुसला.

पाच वाजता तो गेल्यावर डॉट पर्स बंद करता करता म्हणाली, "केव्ह भेटला होता, पबच्या वरच्या खोल्या भाड्याने देतो तो. तुझ्या त्या पोराने खोली ठेवायला सांगितलीय म्हणे. शुक्रवारपासून."

ब्रॉन दिवे बंद करत होती. तिचा हात बटणावरच राहिला. "मेलबर्नहून निरोप आला का? इथेच थांब म्हणून?"

"छे. तिकडून कोणाचाच फोन नाही. मीच दिवसभर फोनशी बसलेय."

"मग कधीपर्यंत ठेवलीय खोली?"

"तेच केव्हने विचारलं," डॉट म्हणाली. "त्याने तारीख दिली नाही."