उजवा पंख

सकाळी नऊला वैमानिक हॉब्सचं टपालाचं विमान धावपट्टीच्या टोकाला उलटलं. एकटाच होता, जागीच गेला. दुपारपर्यंत तालिक गावानं निकालही देऊन टाकला: विमानाची देखभाल करणाऱ्या अ‍ॅगीनं पंखांवरचं हिम काढलं नाही, आणि हिम बसलेले पंख विमान उचलत नाहीत. अलास्कात याला कुणी चूक म्हणत नाही, खून म्हणतात.

"मला तुरुंगात घालतील, बाई," अ‍ॅगी म्हणाली. "रात्रभर पंखांना खोळी होत्या. आठला काढल्या, दोन्ही पंख चाचपले. कोरडे होते. मग टपालाच्या थैल्या आणायला गेले."

खासगी तपासनीस मॅव्हिस ट्रॉट मोडक्या विमानाभोवती फिरली. डावा पंख स्वच्छ होता. उजव्यावर गुळगुळीत बर्फ, कडेला बोटभर सुळके.

"हिम तर आहेच की," तिचा सोबती ऑरिन कुजबुजला. "पोरगी थापा मारतेय."

"हॉब्स स्वतः पंख तपासायचा?" मॅव्हिसनं विचारलं.

"डावाच," अ‍ॅगी म्हणाली. "त्याचं दार त्या बाजूला. पलीकडे जायचा कंटाळा. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

धावपट्टीलगत सायलसचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्याची लेक हॉब्सच्याच विमानाच्या अपघातात गेली. हॉब्स तेवढा वाचला. शेगडीवर मोठी किटली होती, वर दोरीला लोकरी हातमोजे. मॅव्हिसनं ते दाबून पाहिले. अजून ओले होते.

"कशानं भिजले?"

"सकाळी दारातला बर्फ उपसला," सायलस म्हणाला. "उणे तीस आहे, बाई. चहा घ्या."

ऑरिननं घेतला, मॅव्हिसनं नाही.

"उणे तीसला बर्फ पिठासारखा कोरडा असतो, सायलस. मोजे झटकले की झालं. आणि हवेतलं हिम पिसासारखं बसतं, त्याचे सुळके लोंबत नाहीत. सुळके ओतलेल्या पाण्याचे. अ‍ॅगी थैल्या आणायला गेली आणि तू किटली घेऊन उजव्या पंखाकडे गेलास. डाव्याला हात लावला नाहीस, कारण तो हॉब्स बघणार होता."

ऑरिनचा कप तोंडाशीच राहिला.

"माझी पोर गेली त्या दिवशीही त्यानं उजवा बघितला नव्हता," सायलस शांतपणे म्हणाला. "गाव म्हणालं, अपघात. मी फक्त पाणी ओतलं. चार पावलं चालून त्यानं हात लावला असता, तर आज जिवंत असता मेला. मला काडीचंही वाईट वाटत नाही."

"आणि अ‍ॅगी? तीही कुणाची तरी लेक आहे."

सायलसनं मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या अ‍ॅगीकडे पाहिलं. मग ते ओले मोजे तसेच हातात चढवले आणि पोलीस चौकीकडे चालू लागला.