चौकटीतला मजकूर

जानेवारीतला रविवार होता. दुपारी तीनच्या सुमारास सुधन्वा कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड पकोडे घेऊन चार मजले चढत होता. लिफ्ट बंद होती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्याच्या सोसायटीत ती चालू असली तरच लोकांना नवल वाटे. धुक्यात समोरची इमारत दिसत नव्हती, वरून उतरणारं विमान नुसतं ऐकू येत होतं.

घरी मैत्रेयी आणि पद्माकर टेबल मांडून बसले होते. तिघंही दिल्लीत वाढलेली, सरकारी नोकरांच्या घरची, आता स्वतःही मंत्रालयांत फायली हलवणारी. रविवारी मात्र ती एक खेळ खेळत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले प्रवासी होऊन "मी दार उघडतो", "मी पळते" असं म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. गोष्ट सांगायचा सुधन्वा. तीन वर्षं चाललेली ती गढीची गोष्ट आपण रचली, असं तो सांगत असे.

ती होती छापील पुस्तकातली. अशी तयार साहसं विकत मिळतात, जगभर लोक ती आणून खेळतात, त्यात लाजण्यासारखं काडीचंही नाही. सांगणाऱ्याने मोठ्याने वाचायचा मजकूर पानावर चौकटीत छापलेला असतो. सुधन्वा पुस्तक पुठ्ठ्याच्या आडोशामागे धरायचा आणि इंग्रजीचं मराठी करत वाचायचा. पहिल्याच दिवशी मैत्रेयी म्हणाली होती, "तू लेखक का नाही झालास रे?" त्यावर हा आयत्या बिळावरचा नागोबा नुसता हसला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

तेव्हा चौथा गडी होता जयेश. त्याने ते पुस्तक कधीतरी वाचलेलं होतं. दोन-तीनदा बिचारा पुढच्या खोलीत काय आहे ते बोलून गेला. आपलं पितळ उघडं पडणार म्हणून सुधन्वाने सगळ्यांसमोर त्यालाच धरलं. म्हणाला, तू माझ्या गोष्टीच्या वहीत चोरून बघतोस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जयेशने एकदा आडोशाकडे पाहिलं, एकदा सुधन्वाकडे. एका वाक्यात त्याला खरं सांगता आलं असतं. तो काही न बोलता उठला, आणि परत आला नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो डेंग्यूने गेला. सुधन्वा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला होता आणि तिथूनच मागे फिरला होता. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. आठवली की त्याला स्वतःच्या सावलीचीसुद्धा शरम वाटे.

आज शेवटचा अध्याय होता.

"तुमच्यासमोर काळं दार आहे," सुधन्वाने वाचलं.

"आत विहीर असेल," मैत्रेयी म्हणाली. "सात पायऱ्यांची. सातवी तुटलेली."

सुधन्वाची नजर चौकटीवर खिळली. सात पायऱ्या, सातवी तुटलेली.

"तुला... कसं कळलं?"

"माहीत नाही यार. असंच वाटलं."

खोलीत कसलातरी हिरवा, कडवट वास येऊ लागला. पपईची पानं वाटल्यासारखा. जयेशची आई शेवटचे आठ दिवस ती वाटून त्याला रस पाजत होती, हे मैत्रेयीनेच तेव्हा सांगितलं होतं. सुधन्वाने खिडकी उघडली. बाहेर नुसतं पांढरं धुकं होतं, आणि वास आतूनच येत होता.

पद्माकरने हातातला पकोडा खाली ठेवला. "विहिरीच्या तळाशी एक माणूस बसलाय," तो सपाट आवाजात म्हणाला. "त्याचं तोंड शिवलेलं आहे... दोरा आपल्याच झोळीतला आहे."

सुधन्वाने पान उलटलं. ओळ न् ओळ तीच होती.

"पुढे सांग ना," मैत्रेयी हळूच म्हणाली. "त्याचं तोंड कोणी शिवलं?"

सुधन्वाने आडोसा उचलून बाजूला ठेवला. "हे माझं नाही. सगळं ह्या पुस्तकातलं आहे, पहिल्या दिवसापासून. जयेशने वहीत कधीच बघितलं नाही. त्याने हे वाचलं होतं, बस्स. खोटं मी बोललो... आणि तो तसाच गेला."

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

मैत्रेयीने पुस्तक ओढून घेतलं. चार पानं उलटली, मग चाळीस.

"सुधन्वा... चौकटी तर कोऱ्या आहेत."

पद्माकरही वाकून बघू लागला. चित्रं होती, नकाशे होते. मोठ्याने वाचायची प्रत्येक चौकट मात्र पांढरी होती.

"म्हणजे हे सगळं तूच भरलंस," पद्माकर म्हणाला. "जयेशला सांभाळून घेतोयस, अच्छा है. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण वहीत बघत तर होता ना तो?"

"नाही रे. ऐका माझं. तो खरा होता."

"बिल्कुल," मैत्रेयी म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल कौतुक होतं. सुधन्वा जितकं सांगत गेला तितकं ते वाढत गेलं. शेवटी त्याने पुस्तक मिटून ठेवलं. आपल्या कबुलीने आपण जयेशला दुसऱ्यांदा चोर ठरवलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

पाच वाजता दोघं गेली. वास गेला नाही. सुधन्वाने पुस्तक पुन्हा उघडलं.

चौकटी भरलेल्या होत्या. त्या इंग्रजी पुस्तकात, त्याच टाइपाच्या बारीक अक्षरांत, मराठी छापलेलं होतं.

'तो आडोसा बाजूला करतो आणि कबूल करतो. ते विश्वास ठेवत नाहीत. त्याच्यावर अधिकच प्रेम करतात.'

त्याने पान उलटलं. पुढच्या रविवारी वाचायच्या चौकटीत तेच होतं. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या पानापर्यंत तेच होतं, आणि सगळ्यात खाली सांगणाऱ्यासाठी एक सूचना छापली होती:

'हा प्रसंग हवा तितक्या वेळा खेळता येतो.'