वळचणीखालची सोंगटी

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. ऑप्पिया माझी सख्खी चुलत बहीण आहे, आणि तिला खोटं बोलता येत नाही.

ऑस्टिया बंदरात, सॅटर्न देवाच्या सणात हे घडलं. रात्री नाही. भर दुपारी.

नवरा गल्लीत सणाचा जुगार खेळायला गेलेला. घरात ऑप्पिया, तिची सासू वेट्टिया आणि तिचा अजून दात न आलेला मुलगा आउलुस.

सकाळी वळचणीखाली पुदिना लावताना सासूला हाडाची एक सोंगटी सापडली होती. नखाएवढी. तिच्यावर पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी कोरलेला. सासूने ती धुतली आणि नातवाच्या ताइताशेजारी ओवली.

"आई, कुणाची कोण जाणे. काढा ती."

"अगं, वाटाड्या देव आहे तो! पोराला काही झालंच तर तुझ्या टक लावून बघण्यानं, नजर लागून होईल."

"तो मेलेल्यांनाही वाट दाखवतो, आई."

सासू नुसती हसली.

दुपारी आउलुस रडू लागला. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, गालांवर पाणी...

पण आवाज नव्हता.

आवाज येत होता... बाहेरून.

वळचणीखालून.

सासूच्या हातातली वाटी पडली.

दात न आलेलं मूल गेलं तर आम्ही त्याला जाळत नाही. घराच्या वळचणीखालीच पुरतो. हे घर त्यांनी उन्हाळ्यातच घेतलेलं. आधीच्यांनी तिथे कुणाला ठेवलंय, हे विचारायचंच राहिलं होतं.

"मेलेल्यांसाठी काळे वाल फेक! आणि मागे वळून बघू नकोस!" सासू किंचाळली.

ऑप्पियाने वाल घेतले नाहीत. सोंगटी हिसकून काढली, बाहेर जाऊन बोटांनी माती उकरली आणि खड्ड्यात थेट बघत म्हणाली,

"सोंगटी तुझी, घे. आवाज माझ्या लेकराचा आहे. दे इकडे! नाहीतर ही सगळी माती समुद्रात नेऊन टाकीन."



मग घरात आउलुसने टाहो फोडला.

"अगं बाई, केवढा घसा!" सासू रडता रडता हसली.

पण खालचं रडणं थांबलं नाही...

आता तो आवाज आउलुसचा नव्हता. बारीक होता. भुकेला.

आणि तो ऐकून ऑप्पियाला पान्हा फुटला.

अजूनही दुपारी ते रडतं. घर सोड, असं आम्ही सगळे सांगून थकलो. "मी का सोडू?" म्हणते. पान्हा काही तिचं ऐकत नाही. मग ती दोन्ही हात छातीवर घट्ट दाबते, वळचणीखाली जाऊन उभी राहते आणि म्हणते,

"रड. थेंबसुद्धा मिळणार नाही."