‘ण’ नसलेली खूण

वॉशिंग मशीन टुणटुणलं, आणि आमच्या दोघांतली शांतता एकदाची मोडली.

“कपडे झाले वाटतं,” तेजस म्हणाला.

“हो...”

हा माणूस, आणि गप्प!

पावसाळ्याआधी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या दारात मीच त्याला अडवलं होतं. विद्यार्थीच वाटला. “बॅग बाहेर ठेव. आयकार्ड?”

“मॅडम, मी शिकवायला आलोय,” तो हसून म्हणाला — आणि ते हसू... जाऊ दे.

जुने प्रबंध कम्प्युटरवर एक्सएमएल या खुणांच्या भाषेत आणायचे होते. यातलं माणसाचं नाव कुठलं, गावाचं कुठलं, हे कम्प्युटरला आपलं आपण कळत नाही. प्रत्येकाच्या मागेपुढे खूण करावी लागते. पण तेजस उरणचा. त्याच्या तोंडात ‘ण’ कुठला!

“घाबरू नका,” तो फळ्यापाशी म्हणाला, “एकेक नाव पकडायचं आन् त्याला खून करायची.”

सगळी लायब्ररी हसली. सगळ्यात जास्त मी. माझ्या अभिरामचे बाबा वारल्यापासून अशी हसलेच नव्हते मी.

मग रोज चहाला तेच. “आज किती खून, गीतांजलीमॅडम?”

“पुष्कळ. आता तुमचाच नंबर!”

काल शेवटचा प्रबंध झाला. उद्यापासून त्याचं काम नागपूरला. म्हणून आज निरोप घ्यायला घरी आला होता, सुक्या मासळीची, जवळ्याची पिशवी घेऊन.

“मंग... निघू?”

“नागपूरला असा जवळा मिळतो?”

“नाय.”

“आणि मी?”

त्याचे कान लाल झाले. “मॅडम, तुमी मस्करी करता ना?”

“मॅडम नाही, गीतांजली. आणि मस्करी नाही. तिथलं काम संपव आणि परत ये. लायब्ररीत नाही — इथे. घरी.”

तो बघतच राहिला. मीही नजर हटवली नाही. का हटवू?

“घरी आयला काय सांगू?”

“सांग, खूणगाठ बांधून आलो.”

“खूनगाठ...” तो पुटपुटला, आणि माझा हात धरला. त्याचा तळवा घामेजला होता. माझा नाही.

तेवढ्यात दुपारची झोप संपवून अभिराम डोळे चोळत बाहेर आला. आमच्या हातांकडे पाहिलं. मी हात सोडवला नाही.

“काका आपल्याकडे राहणार?”

“हो,” मी म्हणाले. सरळ.

त्याने भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्या मांडीला टेकून म्हणाला,

“आई... बाबांना विचारलंस?”