बांध दोघांचा असतो

त्यांच्या पत्राला मी अठरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं होतं. 'मुलगी कायमची तिच्याकडे बोलावते आहे. एक तारखेला घर सोडायचं. मी इथेच राहावं असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आधी कळवावं. कोणाला म्हणजे तुम्हाला.'

मी सदुसष्ट वर्षांचा, अविवाहित. निवृत्तीनंतरही शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लावत बसतो. गेल्या वर्षी सीमा, हद्द, बांध, कुंपण यांतला फरक लिहिताना अडलो, म्हणून जमीन मोजणीच्या खात्याला प्रश्न पाठवले. उत्तर आलं नाही. खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईच कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या. उन्हाने रापलेला चेहरा, हातात माझाच कागद.

"'हद्द : सीमा पाहा. सीमा : हद्द पाहा.' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो... म्हणजे, कच्चा खर्डा आहे."

"मग वाचणाऱ्याने काय, नुसत्या चकरा मारायच्या?"

मी हसलो. सवय नसल्यामुळे ठसका लागला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला – आणि बसल्या.

मग त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. "कुंपण एकट्याचं," त्या सांगत, "मनात आलं की घालावं. बांध दोघांचा असतो. दोन्हीकडची माती लागते, आणि दोघांनाही त्यावरून चालता येतं." मी लिहून घ्यायचो, गरजेपेक्षा बरंच सावकाश.

टेबलावर आमच्या मध्ये चिठ्ठ्यांच्या पेट्या असत. एकदा त्यांवरून डोकावून त्यांनी विचारलं, "हे काय समजायचं? बांध, की कुंपण?"

"पेट्या आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही ना... धन्य आहात!"

पुढच्या गुरुवारी मी पेट्या खिडकीत ठेवल्या. त्यांनी पाहिलं. आणि खुर्ची जराशी पुढे ओढली.

आणि मग हे पत्र. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. मी रोज खर्डे करत होतो. स्नेह लिहिलं तर कमी पडे. प्रेम लिहिलं तर या वयात हात थांबे. सोबत, संगत, सहवास... सगळे टोपलीत गेले.

माझ्या थोरल्या भावाचं घर आणि माझं घर एकच. टोपली रिकामी करता करता वहिनींनी विषय काढला. "भावजी, आज सव्वीस तारीख. टपाल पोचायला दोन दिवस लागतात."

"नेमका शब्द सापडत नाही, वहिनी."

"त्यांनी शब्द मागितलाय, की तुम्हाला?"

"...मला."

"मग? कोश छापून झाल्यावर कळवणार?"

"त्या हसल्या तर?"

"हसू देत की! ते हसणं बघायलाच दर गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून जात होता ना?"

मी उभ्याउभ्याच लिहिलं. 'जाऊ नका. वर्षभर तुमच्यासमोर बसलो, आता तुमच्याबरोबर राहायचं आहे. हे प्रेमच आहे, मी तपासून पाहिलं.' पुन्हा न वाचता पाकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत वहिनी बरोबर आल्या. माझा भरवसा नव्हता त्यांना. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

"आता परत काढता येत नाही ना?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरी चला, आणि आधी दाढी करा."